पंचेचाळीसचा नमुना

गणितबाईंना कामावरून काढलं, असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्या कारखान्यात 'काढलं' हा शब्द चालतच नसे. मालकांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत पंखा, पार्किंग, पाठदुखी अशा विषयांवर बोलत राहिले. मालक पाठदुखीवर आले की समजून जावं, पुढचा घास कडू आहे.

"बाई, तुमची लायब्ररी आम्ही टाकत नाही आहोत हं," कप पुढे सरकवत मालक म्हणाले. "उलट सगळं तिच्यावरच उभं राहणार. फक्त आता तिला पायथनमधून हाक मारायची."

कारखाना चष्म्याच्या काचांचा. दुकानातून नंबर येतो, यंत्र त्याप्रमाणे काच कोरतं, आणि यंत्राने कुठे किती कोरायचं ते बाईंची लायब्ररी सांगते. लायब्ररी म्हणजे कपाटातली पुस्तकं नव्हेत. गणितांचा एक तयार संच, फोर्ट्रान नावाच्या जुन्या संगणकी भाषेत बाईंनी लिहिलेला, मालकांचे वडील खुर्चीवर होते तेव्हापासूनचा. तेवढ्या काळात ऑर्डरी घेणारा प्रोग्राम दोन-तीनदा बदलला, पडद्यावरचे रंग बदलले, मालक बदलले. लायब्ररीला कोणी हात लावला नाही, कारण ती कधी चुकली नाही, आणि खरं सांगायचं तर ती दुसऱ्या कोणाला वाचताही येत नव्हती. बाईंना या दुसऱ्या कारणाचा पहिल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

"एक पूल बांधायचा," मालक म्हणाले. "अलीकडे ही नवी भाषा, पायथन, पलीकडे तुमची फोर्ट्रान. इकडून हाक मारली की तिकडून उत्तर. पूल झाला की तुम्ही मोकळ्या. किती वर्षं राबणार? गरज लागली की बोलावूच आम्ही."

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण कोणी केली ते माहीत नाही, पण वैद्याने नक्कीच केलेली नाही. वैद्य बिचारा गरज कधी लागते याची वाट बघत घरी बसलेला असतो. बाईंनी चहा संपवला, "बरं" म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. समोर पडदा उजळलेला होता, त्यावर त्यांनीच लिहिलेल्या ओळी होत्या, आणि त्यांना रडू येत होतं. घरी बसण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्यावाचून कोणाचं काही अडणार नाही, हे मात्र त्यांना सोसवत नव्हतं. आपल्यावाचून अडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पूल बांधायला एक मुलगी आली. तिचं नाव कारखान्याने पहिल्याच दिवशी पाडलं: नवी. तिशीची, आखूड केसांची, भराभर बोलणारी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणायची बाईंची फार इच्छा होती; पण नवी तिखट नव्हतीच. ती 'मॅडम' म्हणायची, विचारल्याशिवाय बाईंच्या कीबोर्डला हात लावायची नाही, आणि बाईंचा एखादा जुना तुकडा पडद्यावर बघून "काय सुंदर केलंय हे!" असं मनापासून म्हणायची. माणसाला रागवायला जागाच ठेवायची नाही, हासुद्धा एक प्रकारचा छळच असतो.

बाई तिला सगळं सांगत गेल्या. फोर्ट्रानमधल्या गणिताला नुसत्या नावाने बोलावून चालत नाही, नावाच्या शेवटी अंडरस्कोर, म्हणजे खाली एक आडवी रेघ, जोडावा लागतो, नाहीतर ते ओ देत नाही. त्याच्या हातात आकडा द्यायचा नसतो. आकडा जिथे ठेवलाय तो पत्ता द्यायचा असतो. पायथन शून्यापासून मोजते, फोर्ट्रान एकापासून.

"म्हणजे सासूचं मोजमाप वेगळं आणि सुनेचं वेगळं," नवी म्हणाली.

"आणि मधल्यामध्ये मुलाचं मरण," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. बाईंना ती आवडायला लागली होती. हे त्यांना अजिबात परवडण्यासारखं नव्हतं.

कारण अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. काचेचा पृष्ठभाग म्हणजे लायब्ररीच्या दृष्टीने आकड्यांचा एक मोठा चौकोनी तक्ता, जितक्या ओळी तितकेच स्तंभ. फोर्ट्रान हा तक्ता उभा भरते: आधी पहिला स्तंभ वरपासून खालपर्यंत, मग दुसरा, मग तिसरा. पायथन तोच तक्ता आडवा वाचते: आधी पहिली ओळ, मग दुसरी. मधे कोणी बजावून सांगितलं नाही, तर एकीचं उभं ते दुसरीचं आडवं होतं. आकडे सगळे खरे आणि जागा सगळ्या चुकलेल्या. तक्ता चौकोनी असल्यामुळे कुठे काही अडत नाही, कोणी तक्रार करत नाही.

शेवटच्या दिवसांतली एक दुपार होती. नवीने लॅपटॉप मिटला, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि विचारलं, "मॅडम, अजून काही राहिलंय का? तुमच्या डोक्यात आहे आणि माझ्या डोक्यात नाही, असं काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच."

एका शब्दात काम झालं. बाईंना वाटलं होतं, खोटं बोलताना आवाज कापेल, पण तो कापला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांनी मनाशी म्हटलं. मूठ एक दिवस उघडावी लागेल, तेव्हा हेच लोक धावत येतील.

मग नवीने नमुने मागितले. पूल नीट चालतो का ते बघायला काही जुन्या ऑर्डरी हव्या होत्या, ज्यांचं उत्तर आधीपासून ठाऊक आहे अशा. इथे चष्म्याच्या नंबराबद्दल थोडं सांगायला हवं. काही डोळ्यांना गोल नंबर पुरतो. काच सगळ्या बाजूंनी सारखी, कशीही फिरवा, फरक पडत नाही. काही डोळ्यांना मात्र एका दिशेने जास्तीचा वाक लागतो. ती दिशा किती अंशांवर आहे, त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात. अ‍ॅक्सिसवाली काच जरा जरी फिरली, तरी घालणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं.

बाईंनी नमुने निवडले. बहुतेक सगळे गोल नंबराचे. उभ्याचं आडवं झालं तरी गोल ते गोलच. पण सगळेच गोल दिले असते तर नवीसारख्या हुशार मुलीला वास आला असता. म्हणून त्यांनी एक अ‍ॅक्सिसवाला घातला, आणि तो घेतला पंचेचाळीस अंशांचा. पंचेचाळीसची रेषा चौकोनाच्या बरोबर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते. उभ्याचं आडवं करा, ती जागची हलत नाही. शिकलेल्या माणसाचं पाप असं असतं, नीटनेटकं.

"सगळे जुळले!" दुसऱ्या दिवशी नवी येऊन म्हणाली. "अ‍ॅक्सिसवालासुद्धा." तिने बाईंना मिठीच मारली.

बाईंनी हिशोब मांडून ठेवला होता. पूल सुरू होईल, गोल काचा बरोबर निघतील, अ‍ॅक्सिसवाल्या चुकीच्या. तपासणीत त्या त्याच दिवशी पकडल्या जातील, म्हणजे कोणाच्या नाकावर चुकीचा चष्मा चढणार नाही. चार काचा भंगारात जातील. दुपारपर्यंत घरचा फोन वाजेल. आपण यायचं, शांतपणे बघायचं आणि म्हणायचं, अगं, हे उभं-आडवं राहिलंय. एका ओळीचं काम. पण ती ओळ आपल्याशिवाय कोणाला सुचली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात राहील.

या हिशोबात एक माणूस धरायचा राहिला होता, आणि तो त्यांचा नवरा होता.

नवराही याच कारखान्यात. सगळे त्यांना रेघकाका म्हणत. काच कोरायला जाण्याआधी तिच्यावर शाईने एक बारीक आडवी रेघ आखायची. त्या रेघेवरून ती यंत्रात बसवतात. कोरून परत आली की त्याच रेघेवर धरून नंबर तपासायचा. दोन्ही कामं काकांची. "माझा हात हलला तर गिऱ्हाईकाचं जग हलेल," असं ते नव्या माणसांना सांगत, जरा जास्तच वेळा सांगत. बाईंच्या गणितात काच यायची ती सरळ धरलेलीच यायची. ती सरळ कोण धरतं, हे त्यांना माहीत होतं. जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसलेला असायचा. पण गणितात तो कधी आला नव्हता.

पूल सुरू झाला त्या संध्याकाळी काका घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"अगं, आज माझ्या बऱ्याच काचा बाद झाल्या."

"कोणत्या?" बाईंनी विचारलं. कोणत्या ते त्यांना ठाऊक होतं.

"अ‍ॅक्सिसवाल्या. गोल सगळ्या ठीक. म्हणजे बघ, रेघच चुकली असणार माझी. गोल काचेला रेघ वाकडी असली तरी काय फरक पडतो? अ‍ॅक्सिसला पडतो."

बाईंच्या हातातलं भांडं सिंकमध्ये तसंच राहिलं. "सॉफ्टवेअरचं काही असेल," त्या म्हणाल्या. "नवीनच तर आहे."

"मीही तेच म्हणालो. पण मालक म्हणाले, यंत्राची चूक दर वेळी एकसारखी असते, आणि ही दर काचेला वेगळी आहे. एकीत थोडी फिरलेली, एकीत पार आडवी. अशी चूक माणूस करतो, म्हणाले." काकांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले. "शिवाय तू अ‍ॅक्सिसचा नमुना दिला होतास ना, तो अगदी बरोबर आला म्हणे. तुझ्यामुळे गणितावरचा संशय तरी मिटला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हे. उद्या फोन येईल, बाईंनी स्वतःला सांगितलं. उद्यापर्यंतचाच प्रश्न आहे.

उद्या फोन आला नाही. परवाही नाही. फोन कसा यावा? गणितावर संशयच नव्हता, तर गणितवालीला कोण बोलावणार? संशय होता तो रेघेवर, आणि रेघवाला तर तिथेच हजर होता. मालकांनी त्याच्यासाठी जास्त उजेडाचा दिवा आणवला. मग मोठं भिंग. मग प्रेमाने पाठीवर हात ठेवून डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदूची थोडी सुरुवात आहे, वयाच्या मानाने काही विशेष नाही, काळजीचं कारण नाही. काकांनी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीची तिथेच सोडून दिली. घरी येऊन त्यांनी कपाटातल्या सगळ्या बशा काढल्या, पालथ्या मांडल्या आणि त्यांच्या पाठींवर पट्टी न लावता रेघा आखायला बसले. आखायची, पट्टी लावून बघायची, पुसायची. बायको शेजारी भाजी चिरत होती. रेघा सगळ्या सरळ होत्या. बाईंना त्या न मोजताही दिसत होत्या.

"सरळ आहेत की हो," त्या म्हणाल्या.

"बशी मोठी असते," काका म्हणाले. "काच लहान."

त्याच वेळी बोलायचं होतं. बाईंना कळत होतं की हीच वेळ आहे. पण काय सांगायचं? आत्ताच आठवलं म्हणायचं? ज्या बाईला महत्त्वाची गोष्ट नंतर आठवते, तिला गरज लागली की बोलावत नाहीत; तिच्याबद्दल च्च च्च करतात. आणि मुद्दाम लपवलं म्हणायचं, तर मग काय उरलं? त्यांना नवऱ्याची दया येत होती, अगदी पोटातून येत होती. तरी त्या दयेपेक्षा एक केसभर मोठं असं काहीतरी आत होतं, आणि दर वेळी तेच जिंकत होतं. त्यांनी बशा धुऊन जागेवर ठेवल्या.

आठवडा संपता संपता काका लवकर घरी आले. पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडताना म्हणाले, "आज सांगून टाकलं मी."

"काय सांगितलंत?"

"सगळ्यांना उभं करून सांगितलं, चूक माझी आहे. डोळ्यांनी दगा दिला, मला आधीच कळायला हवं होतं. माल अडकला, लोकांची बोलणी खावी लागली, त्याबद्दल माफी मागितली." त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला. "मालक चांगले आहेत. म्हणाले, पॅकिंगला बसा. खोक्यांना काही अ‍ॅक्सिस नसतो."

हा विनोद त्यांनी स्वतःच केला होता की मालकांनी, ते कळलं नाही. बाई हसल्या नाहीत. काका हसायचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या तोंडाला ते जमत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि आजही नीट पाहिलं नाही. त्या पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेल्या.

रेघेवर दुसरा माणूस बसला. तरुण, नजर घारीची. त्याच्या अ‍ॅक्सिसवाल्या काचाही बाद झाल्या, पहिल्याच दिवशी, सगळ्या.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात नवी उभी होती. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. काका टेबलाशी बसले होते, ते उठले. "ये ये, बस. पाणी घे."

नवी बसली नाही. "काका, तुमची रेघ बरोबर होती."

"कोणती?"

"सगळ्याच."

काका परत खुर्चीवर बसले. नवी मग बसली आणि भराभर सांगायला लागली. नव्या माणसाच्याही काचा चुकल्या तेव्हा तिने बाद काचांचे अ‍ॅक्सिस एकाखाली एक मांडले, मागितलेला किती आणि आलेला किती. वीसचा सत्तर. दहाचा ऐंशी. तीसचा साठ. "बेरीज करून बघा, काका."

"नव्वद," काका म्हणाले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "नव्वद! अगं, इतक्या काचा मी माझ्या हातांनी मोजल्या, आणि बेरीज करायचं सुचलं नाही मला!"

"फोर्ट्रान तक्ता उभा भरते आणि पायथन आडवा वाचते. पुलावर ते उलटून घ्यायला हवं होतं. कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या प्रकरणात असतं हे. मी आधी तिकडेच बघितलं असतं, पण..." ती थांबली.

बाई स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. पहिल्या प्रकरणात. आपली झाकली मूठ पोराटोरांच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात उघडी पडलेली होती, हे त्या ट्रेकडे बघत ऐकत होत्या.

काकांना कशाचं भान नव्हतं. कागद ओढून त्यांनी त्यावर चौकोन काढला होता, चौकोनात रेषा काढून ते तिला उलटवून बघत होते, लहान मुलाला कोडं सुटावं तसे. "म्हणजे शून्याचा नव्वद. वीसचा सत्तर. आणि मधला... पंचेचाळीस? पंचेचाळीस तर तसाच राहणार!"

"हो," नवी म्हणाली. "पंचेचाळीस तसाच राहतो."

"मग हिने जो नमुना दिला होता, तो कितीचा होता?"

नवीने बाईंकडे बघितलं. थोडी थांबली, पुरेशी थांबली. बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कपांचे कान एका दिशेला लावत राहिल्या.

"मॅडमनी ढीगभर दिले होते, काका," नवी म्हणाली. "वेळ वाचवायला मी अ‍ॅक्सिसवाला एकच घेतला. तो नेमका पंचेचाळीसचा निघाला. माझाच आळस."

"अरेरे!" काका म्हणाले, आणि त्यांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की कागद हलला. "असू दे, असू दे. हातून होतं."

नवीने चहा अर्धाच घेतला. ती निघाली तेव्हा बाई तिच्यामागोमाग जिन्यापर्यंत गेल्या. दार ओढून घेतलं.

"तू खोटं का बोललीस?"

"एकशे ऐंशी अंशांत असे दोनच अ‍ॅक्सिस आहेत, मॅडम, जे उलटले तरी तसेच राहतात. त्यातला एक तुम्ही दिलात. बाकी सगळे गोल." नवीचा आवाज चढला नाही. "मी तुम्हाला विचारलं होतं, काही राहिलंय का म्हणून."

"योगायोग असतो एखादा."

"असतो." तिने कठड्यावर हात ठेवला. "काकांचा चेहरा बघितलात ना आत्ता? त्यावर अजून काही लादायचं माझ्या जिवावर आलं. मालकांना मी सकाळी एवढंच कळवलंय की पुलावर चूक झाली, आणि पूल मी बांधलाय. बाकीचं सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. मी चुगली करणार नाही."

ती जिना उतरून गेली. खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना लाज वाटली, कानाची पाळी तापेपर्यंत वाटली. पण लाज काही फार वेळ सोसवत नाही. थोड्या वेळाने तिच्या जागी राग येऊन बसला. कोण ही एवढी मोठी लागून गेली आपल्यावर उपकार करणारी? कोणी सांगितलं होतं तिला खोटं बोलायला? आणि पहिल्या प्रकरणातलं स्वतःला येत नव्हतं, ते नव्हतं का तिचं चुकलं? असं पायरीपायरीने चढत बाई पुन्हा आपल्या दारापर्यंत आल्या, तोवर त्यांना बरंच बरं वाटायला लागलं होतं.

आत काका येरझारा घालत होते. आठ दिवसांत न दिसलेला रंग चेहऱ्यावर आला होता.

"ऐकलंस ना? एक रेघ चुकली नव्हती माझी! एक नाही! उद्या जाऊन बसतोच बघ माझ्या जागेवर." मग ते थांबले आणि भुवया आवळल्या. "पोरगी गुणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण एवढी शिकलेली, आणि एवढं साधं कळू नये? मी सगळ्यांसमोर हात जोडले, अगं. तिच्या आळसापायी जोडले."

"हं," बाई म्हणाल्या.

"तू असतीस तर हे झालंच नसतं."

तेवढ्यात फोन वाजला. इतके दिवस ज्याची वाट बघितली, तोच फोन. पडद्यावर मालकांचं नाव होतं. काकांनी खूण केली, घे, घे, आणि ऐकायला जवळ येऊन उभे राहिले.

"बाई, कानावर आलंच असेल," मालकांनी आज पाठदुखीची विचारपूस केली नाही. "काकांची फार माफी मागायची आहे, ती उद्या समोरासमोर मागतो. चूक त्या नवीची निघाली. तिने स्वतः कबूल केलंय. माणूस सरळ आहे, पण असल्या चुका आपल्या धंद्यात चालत नाहीत हो, डोळ्यांचा मामला. तिला थांबवतोय मी. आणि खरं सांगू? तुम्हाला सोडायलाच नको होतं. हे पुलाचं काम तुमच्याशिवाय दुसऱ्याचं नाही. याल ना?"

बाईंच्या घशाशी वाक्य तयार होतं. लहानसंच होतं: मालक, चूक तिची नाही. त्यांनी ते मनात एकदा म्हणून बघितलं, कुठे अडत नव्हतं. मालक वाट बघत होते. काका शेजारी उभे राहून, लहान पोरासारखे मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर होता आणि तो अजिबात कापत नव्हता.

"चूक तर मोठीच होती," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"